शंभर मैल, एक घड्याळ

कोल्हापूरच्या माणसाला खेळ म्हटला की दोन बाजू समोरासमोर उभ्या लागतात. खासबागेत लाल मातीवर दोन मल्ल, फुटबॉलच्या मैदानावर दोन पेठा, आणि त्यांच्या भोवती घसा बसेपर्यंत ओरडणारी, प्रत्येक डावाची मीमांसा आपण स्वतःच वस्ताद असल्याच्या अधिकाराने करणारी प्रजा, असा या नगरीचा क्रीडाविषयक शिरस्ता आहे. आणि तो आजकालचा नव्हे. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले, त्या प्रवासात रोमचे भग्न प्रेक्षागार त्यांच्या दृष्टीस पडले, आणि पुढे १९१२ साली त्याच धर्तीचे कुस्तीचे मैदान येथे उभे राहिले. त्याची रचना अशी की, गरीब कुणबी शेवटच्या पायरीवर बसला तरी पुढच्याच्या पटक्याआड आखाडा जाऊ नये. खेळ पाहणाऱ्याला दिसला पाहिजे, ही या मैदानामागची दृष्टी होती, आणि कोल्हापूरने ती इतकी आत्मसात केली की, न दिसणारा खेळ हाही खेळच असू शकतो हे येथे कोणास सांगू गेल्यास ऐकणारा प्रथम हसतो.

योगायोग असा की, महाराज ज्या साली विलायतेत होते त्या साली त्या देशात एक खेळ चांगला रुजलेला होता, ज्याचा पहिला दंडकच तो कोणास दिसू नये हा होता. पहाटे, गावाबाहेरच्या रस्त्यावर, मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घातलेले सायकलस्वार एकेक करून निघत, कोणाशी बोलत नसत, कोणाच्या बरोबरीने जात नसत, आणि रविवारची प्रार्थना आटोपून सभ्य लोक रस्त्यावर येण्यापूर्वी बहुधा घरी पोहोचलेले असत. दरबारी पाहुण्यांच्या कार्यक्रमात असल्या वस्तूला जागा असण्याचा संभव नव्हता; आणि ती महाराजांच्या नजरेस पडती तरी त्यांच्यासारख्या मल्लविद्येच्या भोक्त्याला तीत काही गोडी वाटली असती, असे मला वाटत नाही.

सायकल मात्र कोल्हापूरला परकी कधीच नव्हती. दुधाच्या किटल्या तिच्या दोन्ही अंगांना लटकल्या, उद्यमनगरातला कामगार तिच्यावरून पाळीला गेला, आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलींच्या दुकानांतून, उंच दांडीखालून तिरका पाय घालून, अनेक पिढ्या ती चालवायला शिकल्या. बिनबत्तीच्या सायकलीवर पोलीस शिपायाने पकडणे, मग हवा सोडून देणे अगर दंडाची पावती फाडणे, हा तर मध्यमवर्गीय आत्मचरित्रांतला जवळजवळ अपरिहार्य प्रसंग आहे. पण सायकलीचा खेळ म्हणून जो प्रकार आमच्या गावोगावच्या मैदानांत सर्वांत लोकप्रिय झाला, तो शर्यतीचा नव्हता. कोणी एक फिरता कसरतपटू गावात येई, शाळेच्या अगर बाजारतळाच्या पटांगणात दोरी बांधून रिंगण आखी, आणि सात-सात दिवस खाली पाय न टेकता सायकल चालवण्याचा पण जाहीर करी. तो सायकलीवरच जेवे, सायकलीवरच दाढी करी, सायकलीवरच अंगावर बादली ओतून घेई. रात्री बत्तीच्या उजेडात कर्ण्यावर सिनेमाची गाणी लागत आणि गावकरी त्याच्या सदऱ्याला रुपयाच्या नोटा टाचणीने लावत. सातव्या दिवशी सरपंचांच्या हस्ते नारळ, हार आणि मिरवणूक. विचार केला तर हीदेखील लांब पल्ल्याची, घड्याळाविरुद्धची आणि प्रतिस्पर्ध्यावाचूनची शर्यतच होती. फक्त आमच्या लोकांनी ती रस्त्यावरून उचलून रिंगणात आणली होती, कारण पाहायला बसता येईल अशी जागा असल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही.

आता गेली काही वर्षे पावसाळा सरला की, बहुधा नोव्हेंबरात, एक वेगळीच वरात कोल्हापूरच्या वेशीवरून जाते. पुण्याच्या इन्स्पायर इंडिया या संस्थेने सुरू केलेली ‘डेक्कन क्लिफहँगर’ नावाची ही शर्यत पुण्याहून निघून गोव्याच्या समुद्रावर संपते. अंतर ६४३ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने सुमारे ४०० मैल. मध्ये मुक्काम नाही. एकट्याने जाणारे असतात, तसे आळीपाळीने चालवणारे चमूही असतात. पण खरी कसोटी एकट्याचीच. स्पर्धक काही अंतराने सोडतात, एकाने दुसऱ्याच्या पाठीशी राहून वारा चुकवायचा नाही, आणि प्रत्येकाच्या दिमतीला त्याची स्वतःची मोटार असते, जी रात्री त्याच्या मागे राहून आपल्या दिव्यांचा उजेड त्याच्यापुढे पसरते. वारा चुकवण्याचा हा निर्बंध ज्यांनी सायकल केवळ बाजारहाटासाठी वापरली त्यांस क्षुल्लक वाटेल. वस्तुतः सगळ्या खेळाचे मर्म त्यातच आहे. कारण सपाटीवर वेगाने जाताना स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते, आणि दुसऱ्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे चौथा ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. तो आडोसा काढून घेतला की चलाखी, दोस्ती, फितुरी आणि शेवटच्या शंभर वारांतली झेप ही सगळी शस्त्रे निकामी होतात, आणि माणसाजवळ उरते ती त्याची छाती, त्याच्या मांड्या आणि आपली शक्ती किती काळ पुरवायची याचा अंदाज.

शिरोलीच्या अलीकडे, सांगली फाट्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर ही शर्यत पाहण्यास मी एकदा रात्री थांबलो होतो. पाहण्यासारखे म्हणाल तर फार थोडे होते. उसाने लादलेले, दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर कर्ण्यांवर गाणी लावून कारखान्यांकडे चालले होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना मागे लाल दिवा नव्हता. त्या गर्दीतून एक लुकलुकणारी मोटार येई, तिच्या पुढे, तिच्याच उजेडाच्या पट्ट्यात, पाठ जमिनीला समांतर केलेला एक स्वार असे. एक स्वार टपरीच्या अगदी समोरून गेला. मोटारीतून धावत उतरलेल्या पोराने पळता पळता त्याच्या हाती बाटली दिली. त्याने ती घेतली, दोन घोट प्याला, उरलेले पाणी मानेवर ओतले आणि बाटली रस्त्याच्या कडेला टाकली, ती पोराने उचलली. एवढ्या अवधीत स्वाराचे पाय थांबले नाहीत व त्याने मानही वळवली नाही. गुडघ्यांवर मिठाची पांढरी रेघ उमटलेली मात्र दिव्यात स्पष्ट दिसली.

टपरीवाल्या मामांनी पोराला हटकले, “ह्यो कितवा रं?”

“आत्ताच नाही सांगता येत, मामा. सगळे एकदम सुटले नाहीत ना.”

“आरं पर म्होरं कोन हाय, मागं कोन हाय?”

“मागचा कदाचित पुढं असंल.”

मामांनी गाळणी आपटली. “पयला हाय का शेवटचा, येवढं बी ठावं न्हाई, आन् पळतोयस कशापायी मर्दा?”

पोरगा हसून मोटारीत बसला. मामांचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. ज्या गावात कुस्ती चितपटच व्हावी लागते आणि बरोबरीत सुटली तर पंचांवर पागोटी भिरकावली जातात, तेथल्या माणसाला रस्त्यावर दिसणारा पुढचा खरोखर पुढचा नसतो हे पटावे कसे?

एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या या विचित्र शर्यतीचा जन्म मात्र खेळाडूंच्या लहरीतून नव्हे, तर भीतीतून झाला, आणि तो इतिहास मला त्या खेळाइतकाच रंजक वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात इंग्लंडात सायकलींचे मंडळ निघाले नाही असे शहर क्वचितच उरले होते. लिव्हरपूलचे ॲनफील्ड बायसिकल क्लब हे १८७९ सालचे, लंडनचे नॉर्थ रोड क्लब १८८५ चे. ॲनफील्डवाल्यांनी १८८९ साली शंभर मैलांची जी वार्षिक शर्यत सुरू केली, ती महायुद्धांसारखे खंड सोडले तर आजतागायत चालू आहे. याच मंडळाचा जॉर्ज पिल्किंग्टन मिल्स हा सभासद १८८६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या नैऋत्य टोकापासून स्कॉटलंडच्या ईशान्य टोकापर्यंत, पुढचे चाक पुरुषाच्या छातीइतके उंच असलेल्या जुन्या पद्धतीच्या सायकलीवरून ५ दिवस १ तास ४५ मिनिटांत गेला. तशा सायकलीवरचा हा विक्रम २०१९ पर्यंत कोणी मोडू शकला नाही. त्याच मिल्सने १८९१ साली पहिलीच बोर्दो ते पॅरिस ही मोठी फ्रेंच शर्यत जिंकली. सुमारे ५७० किलोमीटर, साडेसव्वीस तासांत. पुणे ते गोवा हे अंतर पाहून अचंबा करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा, आणि त्या काळच्या रस्त्यांची कल्पनाही करावी.

परंतु जमीनदार, बग्गीवाले आणि खेडेगावचे न्यायाधीश यांना धुळीचा लोट उडवीत जाणाऱ्या या टोळ्या मुळीच मानवत नव्हत्या. १८९४ च्या जुलैत नॉर्थ रोड क्लबची पन्नास मैलांची शर्यत चालू असता रस्त्यात एका बाईची घोडागाडी आडवी आली, घोडे बुजले, काही स्वार कोलमडले, बाईने पोलिसांत तक्रार केली, आणि सायकलींवर सरसकट बंदीचा हुकूम सुटतो की काय, या धास्तीने राष्ट्रीय सायकल संघटनेने सार्वजनिक रस्त्यावर शर्यती लावण्यास मनाई केली. त्या अपघातात सापडलेल्यांपैकी एक फ्रेडरिक टॉमस बिडलेक. मनाई तर मोडायची नाही, पण शर्यतही सोडायची नाही, अशा पेचातून जी तजवीज निघाली तिचा तो मुख्य पुरस्कर्ता ठरला: स्वार एकत्र सोडायचेच नाहीत. मिनिटा-मिनिटाने एकेक सोडावा, प्रत्येकाची वेळ घड्याळावर टिपावी, आणि शेवटी वह्या जुळवून विजेता जाहीर करावा. रस्त्यावर कोणी पाहिलेच तर त्यास एक एकटा इसम घाईने कोठे तरी जाताना दिसेल, आणि घाईने जाणे हा काही गुन्हा नाही. १८९५ च्या ऑक्टोबरात अशी पन्नास मैलांची पहिली शर्यत झाली.

पुढे या गुप्ततेचा एक जाबताच तयार झाला. शर्यत पहाटेची; जागा आडबाजूची; कपडे काळे, म्हणजे काळी अंगरखी व पायघोळ काळा तंग पायजमा; पाठीवर नंबर नाही; वर्तमानपत्रांतून आगाऊ वाच्यता नाही. रस्त्याचे नाव न लिहिता सांकेतिक अक्षर व आकडा लिहायचा, आणि स्पर्धकांस पाठवायच्या कागदावर ‘खासगी व गोपनीय’ असा शिक्का मारायचा. पेशवाईतल्या हेरांची पत्रे वाचलेल्यास हे सर्व ओळखीचे वाटेल. गंमत अशी की, ज्या भीतीपोटी हे केले ती पुढच्या पिढीच्या आठवणीतूनही गेली, तरी संकेत मात्र टिकून राहिले. इतके की, १९४२ च्या जूनमध्ये पर्सी स्टॅलार्ड नावाच्या गृहस्थाने लॅन्गोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सर्वांना एकत्र सोडण्याची शर्यत भरवली, पोलिसांनी तीत उलट मदतच केली, आणि तरीही संघटनेने त्यास बहिष्कृत केले. रूढीचे रक्षण करण्यात इंग्रज आमच्या कोणत्याही धर्मसभेला हार जाणार नाही.

तरीही या कोंडलेल्या, प्रेक्षकहीन खेळाने माणसे फार मोठी घडवली, आणि त्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती यॉर्कशायरची बेरिल बर्टन. ही बाई पोटासाठी शेतावर राबे आणि मॉर्ले येथील सायकल मंडळाच्या वतीने स्पर्धांत उतरे. १९६७ साली बारा तासांच्या एका शर्यतीत ९९ पुरुष एकेका मिनिटाने सुटले आणि त्यांच्या मागून ती सुटली. या प्रकारात अंतर ठरलेले नसते. बारा तासांत कोण किती जातो ते मोजायचे असते. एकेक करून अठ्ठ्याण्णव जण तिने मागे टाकले. २३५ मैल झाल्यावर शेवटचा, माइक मॅक्नमारा, तिच्या पुढ्यात आला, आणि तो त्या दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करण्याच्या मार्गावर होता. ती त्याच्या बरोबरीला आली, क्षणभर घुटमळली, खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून तिने त्याच्या हाती दिली, त्याने ती घेऊन आभार मानले, आणि ती पुढे निघून गेली. त्याचे २७६.५२ मैल भरले, तिचे २७७.२५. पुरुषांना तो आकडा ओलांडायला दोन वर्षे लागली, स्त्रियांना पन्नास. त्या रस्त्यावर टाळी वाजवायला किती जण होते हे कोणी मोजले नाही. पण ती गोळी आजही सायकलस्वारांच्या मंडळांत सांगितली जाते; आमच्याकडे हरलेल्या मल्लाला जिंकणारा हात देऊन उठवतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रात ही परंपरा सरळ वाटेने आली नाही. मुंबई-पुण्याची सायकल शर्यत जुनी व नामांकित, पण ती घोळक्याची. बोरघाट पहिल्याने चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, म्हणजे तेथेही पाहणाऱ्याला जल्लोष करण्याजोगा एक मुक्काम आहेच. लांब पल्ल्याचे वेड त्याहून जुने. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस प्रस्थान ठेवले, आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चात परतले. तो प्रवास होता, शर्यत नव्हे. घड्याळ या सगळ्यात आले ते अमेरिकेच्या वाटेने. तेथे १९८२ साली चार स्वारांनी पश्चिम किनाऱ्यावरून न्यूयॉर्कपर्यंत एकच एक अखंड शर्यत लावली आणि लॉन हाल्डमन पावणेदहा दिवसांहून थोड्या अधिक वेळात पोहोचला. तिचेच पुढचे रूप म्हणजे ‘रेस अक्रॉस अमेरिका’, सुमारे ४,८०० किलोमीटरांची. एकट्या स्वाराला मुदत बारा दिवस. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या चमूत ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. २०१७ साली सैन्यातील वैद्यकीय अधिकारी श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत ती एकट्याने पुरी करून पहिल्या भारतीयाचा मान मिळवला, आणि त्यांच्या पाठोपाठ, अडीच तासांच्या आतच्या फरकाने, नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. पुणे-गोवा शर्यत ही त्या अमेरिकन शर्यतीच्या पात्रतेची एक पायरी. तेव्हा सांगली फाट्यावर मामांच्या समोरून गेलेला तो स्वार कोणास हरवण्यास नव्हे, तर एक आकडा गाठण्यास चालला होता. हे त्या रात्री मामांस नीट सांगता आले असते, तर गाळणी कदाचित वाचली असती.

या डॉक्टर मंडळींच्या यादीने वाचकाची अशी समजूत व्हायची की, हा भरल्या पोटाचा शौक आहे. महागड्या सायकली, मागे मोटार, चमूतील माणसांचा खर्च, हे पाहता ती समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण हातकणंगले तालुक्यातील इंगळी गावची पूजा दानोळे ही पैलवानाच्या घरातली मुलगी. २०२० साली गुवाहाटीस भरलेल्या खेलो इंडिया स्पर्धेत तिने सायकलिंगची सुवर्णपदके आणली. तालमीच्या खुराकावर आणि पहाटे उठण्याच्या शिस्तीवर पोसलेले घर सायकलीला उपकारक ठरावे यात मला नवल वाटत नाही. घड्याळाच्या शर्यतीला लागतो तो गुण मुळात तालमीतलाच आहे. दंगलीच्या दिवशी हलगी वाजते आणि हजारो डोळे अंगावर असतात हे खरे, पण त्याआधीचे महिनोन्महिने मल्ल अंधारात, कोणी पाहत नसता, बैठका मारीत असतो. कोल्हापूरला एकाकी श्रमाची ओळख नाही असे नव्हे. त्या श्रमाला आम्ही खेळाची पूर्वतयारी मानतो, आणि इंग्रज सायकलवाल्यांनी त्यालाच खेळ मानले, एवढाच काय तो भेद.

म्हणून माझी एक सूचना आहे. कोल्हापुरात आता हौशी सायकलस्वारांचे गट पुष्कळ आहेत. रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या चढावर ते दिसतात, आणि उतरल्यावर मिसळ खाताना तर हमखास दिसतात. यांपैकी कोणी तरी ॲनफील्डवाल्यांप्रमाणे स्वतःची एक वार्षिक शंभर मैली बांधावी. रस्ता तयार आहे. रंकाळ्यापासून निघून बालिंगे, कळे, साळवण या वाटेने गगनबावडा सुमारे पंचावन्न किलोमीटर. जाऊन परतावे, आणि पुन्हा कळ्यापर्यंत एक हेलपाटा घालावा, की शंभर मैलांची बेरीज जवळजवळ जुळते. मागे मोटार नको, भारी बक्षीस नको. दोन खात्रीची घड्याळे, वळणावर नोंद घेणारा एक विश्वासू इसम आणि एक बांधीव वही पुरे. वही मात्र दर वर्षी तीच असावी, आणि शेवटच्या आलेल्याची वेळही तीत पहिल्याइतक्याच ठळक अक्षरांत लिहावी. मामांसारख्यांची सोय म्हणून परतीच्या टोकाला एक फळा लावावा व प्रत्येक स्वार येताच त्याची वेळ खडूने वर-खाली करीत जावी. फळ्यापुढे गर्दी जमवणे कोल्हापूरकराला शिकवावे लागत नाही.

अडचण एकच, तारखेची. जूनपासून चार महिने गगनबावड्याचा पाऊस कोणाचे ऐकत नाही, आणि पुराच्या दिवसांत हा रस्ता पाण्याखाली जातो. पुढे गळीत सुरू झाले की कुडित्र्याच्या कुंभी-कासारीकडे आणि इतर कारखान्यांकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते, आणि पहाटेच्या धुक्यात दिवा नसलेल्या ट्रेलरच्या मागे वेगाने जाणे हा खेळ नव्हे. उरतो तो दसऱ्यापासून गळिताची पहिली मोळी पडेपर्यंतचा काळ, म्हणजे फार तर तीन आठवडे. ऊसदराची बोलणी फिसकटून आंदोलन लांबले, तर त्यात आणखी आठ-पंधरा दिवसांची भर पडते. आणि ती बहुधा पडतेच.